मॉरिशसची फाइल

खळदकरांनी फाइल उघडली आणि लगेच मिटली. आत त्यांचाच अर्ज होता.

बायकोसह आठ दिवस मॉरिशसला जायची परवानगी मिळावी, म्हणून तो त्यांनी नऊ दिवसांपूर्वी शेजारच्या विभागात दिला होता. केंद्र सरकारचा नोकर सुट्टीवरसुद्धा विचारल्याशिवाय देशाबाहेर पाऊल टाकत नाही. मध्येच त्या विभागातल्या धीरजची बदली झाली. नवा माणूस येईपर्यंत त्याचं काम खळदकरांच्या गळ्यात पडलं आणि कामाबरोबर हा अर्जही. वर पाठवावा, तर वरची खुर्ची दोन महिने रिकामी. थोडक्यात, श्यामकांत खळदकरांना मॉरिशसला जाऊ द्यायचं की नाही, हे आता श्यामकांत खळदकरांनी ठरवायचं होतं.

"मग ठोका की सही," संध्याकाळी दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये चंद्रप्रभाबाई म्हणाल्या.

"अगं, स्वतःच्या अर्जाला स्वतः मंजुरी? सस्पेंड करतील मला. नामंजूर करता येईल. स्वतःचं नुकसान करायला नियमाची आडकाठी नाही."

बाईंचा चेहरा उतरला. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती आणि दर वर्षी समुद्र पुढच्या वर्षावर जात होता. यंदा कुठे तिकिटं निघाली होती, तीही पैसे परत न मिळणारी. खालच्या बाजारातून त्यांनी नवऱ्यासाठी फुलाफुलांचा शर्टसुद्धा आणून ठेवला होता, जरा ढगळच.

मग खळदकरांना दुसरा नियम आठवला. एकवीस दिवसांत अर्जाला काहीच उत्तर गेलं नाही, तर परवानगी मिळाली असं धरायचं.

"म्हणजे आता बारा दिवस तुम्ही फक्त काही करायचं नाही?" बाईंना हसू आवरेना. "अहो, सरकारी नोकरीत एवढंही जमू नये?"

तिथेच तर घोडं पेंड खात होतं. एकतीस वर्षांत खळदकरांच्या टेबलावर संध्याकाळी सहानंतर एक कागद राहिला नव्हता. लोक त्यांना टरकायचे ते याचसाठी. त्यांच्याकडे सकाळी ढकललेलं काम दुपारी परत येऊन मानगुटीवर बसायचं. घरीही तीच तऱ्हा. पानात चटणी उरली की ते पोळी मागत, आणि मग पोळी उरली की चटणी.

पहिल्या दिवशी त्यांनी फाइल पालथी ठेवली. तिसऱ्या दिवशी तिच्यावर मनीप्लांटची कुंडी ठेवली. पाचव्या दिवशी पाणी घालायच्या निमित्ताने त्यांनी कुंडी तीनदा उचलली आणि तीनदा परत ठेवली. रोज पाच वाजता घरून फोन यायचा. "केलंत का काही?" "नाही." "शाब्बास." तेवढ्यात ऑफिसात बातमी फुटली. खळदकरांच्या टेबलावर एक फाइल आठवडाभर पडून आहे, ती बघायला लोक चहाचे ग्लास घेऊन यायला लागले. एकाने तर त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "सर, पेंडिंग रखना भी एक कला है. धीरे-धीरे आ जाएगी."

कला काही येईना. झोप उडाली, ब्लडप्रेशर चढलं, जेवणावरची वासना गेली. बाईंना त्यांची दया यायची, पण डोळ्यांपुढे समुद्रही यायचा. "अजून चार दिवस कळ काढा," त्या म्हणायच्या. "मग तिथे आठ दिवस नुसतं पडूनच राहायचंय." हे ऐकून खळदकर आणखी पांढरे पडायचे.

अर्ज दिल्यापासून विसाव्या दिवशी ते शीळ घालत घरी आले. पाच पोळ्या खाल्ल्या. बाईंनी लाटणं खाली ठेवलं.

"काय केलंत?"

"मी कुठे काय केलं? ऑफिसने खुलासा मागवलाय."

त्यांनी बॅगेतून स्वतःच्याच सहीचं, स्वतःच्याच नावाचं पत्र काढलं, स्वतःला दिलं आणि मिळाल्याची पोचही लिहिली. अर्जदाराने प्रवासाचा हेतू स्पष्ट करावा, एवढंच पत्रात होतं. पण पत्र गेलं म्हणजे उत्तर गेलं. एकवीस दिवसांचा हिशेब मोडला.

बाईंनी पत्र ओढून घेतलं आणि खाली स्वतःच खुलासा लिहिला. समुद्रापाशी बसून आठ दिवस काहीही न करणे. दोघांनी मिळून. मग पेन नवऱ्यापुढे धरलं. खळदकरांनी निमूट सही केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारालाच त्यांनी निर्णय घेतला आणि संध्याकाळी तो बाईंच्या हातात ठेवला. त्यांची मान खाली होती. इंग्रजीतून होतं सगळं, पण अर्थ असा होता:

"अर्जदाराला काहीही न करणे अकरा दिवसही जमत नाही, असे या कार्यालयाच्या निदर्शनास आले आहे. सबब प्रवासाचा हेतू त्याच्या हातून पार पडेल असे वाटत नाही. अर्ज नामंजूर. अर्जदाराच्या पत्नीला मात्र कोणाच्याही परवानगीची गरज नाही. हे तिला अठ्ठावीस वर्षांपूर्वीच कळवायला हवे होते. विलंबाबद्दल खेद आहे. तिने अवश्य जावे."

बाईंनी ते दोनदा वाचलं. डोळे पुसले. मग फुलाफुलांचा शर्ट स्वतःच्या अंगाला लावून पाहिला आणि आपल्या बॅगेत टाकला.

शनिवारी विमानतळाच्या दाराशी खळदकरांनी ट्रॉली त्यांच्या हाती दिली.

"आठ दिवस मी काय करायचं गं?"

"काही नाही," चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. "पेंडिंग राहा."