कडेचं काळीज

“यकृत म्हंजे?” बनाबाईनं विचारलं.

ऑपरेशन थिएटरच्या दारापाशी सदफ बर्फाचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. आत बनाबाईच्या नवऱ्याला, केरबांना, टेबलावर घेतलं होतं. संशोधनासाठी तुकडा द्यायला त्यांनी काल स्वतः सही केली होती. कसला तुकडा, ते बायकोला आत्ता कळत होतं.

“काळीज,” सदफ म्हणाली. “मटणाच्या दुकानात मिळतं ते.”

“मग तसं म्हण की. मला वाटलं किडनीच मागतीस.” शेजारी बसलेली पुतणी हसली. बनाबाई हसली नाही. “पर काळीज काढल्यावर माणूस ऱ्हातोय कसा?”

“सगळं नाही, मावशी. गाठ कापताना तिच्या कडेचा थोडा चांगला भागही निघतो. तपासणीपुरता ठेवून बाकीचा टाकूनच देतात. त्यातल्या पेशी आम्ही वेगळ्या करतो, थोडे दिवस जगवतो. नवी औषधं त्यांच्यावर तपासता येतात.”

“म्हंजे गाठ निघाली तरच तुला मिळणार.”

“हो.”

“आन् न्हाय निघाली तर?”

“तर काहीच कापत नाहीत.”

बनाबाईनं डब्याकडं बघितलं. “मग डाक्टर कवा सांगंल ते सांगूदे. तू डबा घिऊन भाईर आलीस की मी समजंन.”

आतून हाक आली. सदफ उठली.

गाठ एकटी नव्हती. पोटातल्या पडद्यावर, आतड्यांवर, सगळीकडे पांढरे दाणे पसरले होते, भिजवलेल्या साबुदाण्यासारखे. ऑपरेशन करणाऱ्या सरांनी ते सदफला बोटानं दाखवले.

“गाठ न काढताच बंद करतोय,” ते म्हणाले. “तू जा. टाके झाले की नातेवाइकांशी मी बोलतो. तू काही सांगू नकोस.”

तिनं तुकड्यासाठी आणलेली गार द्रावणाची बाटली डब्यात परत ठेवली, झाकण लावलं आणि दार ढकललं. दार उघडल्यावर तिच्या लक्षात आलं, डबा आतच ठेवायला हवा होता.

बनाबाई उभी होती.

“पाय घ्या मागं,” ती बाकावरच्या सगळ्यांना म्हणाली. “जाऊ द्या तिला.” मग पुढं होऊन तिनं झाकणावर तळहात ठेवला. “गार हाय की गं.”

“गारच ठेवावं लागतं,” सदफ म्हणाली.

“मग हुबी काय ऱ्हायलीस? पळ. मरंल न्हायतर.”

सदफ चालू लागली. बाटली वाजू नये म्हणून तिनं डबा छातीशी धरला. जिन्याच्या वळणावर बनाबाईचा फोनवरचा आवाज आला, फोनशिवायही गावी शिरोलीला पोचला असता असा.

“आक्का, निघाली गाठ. व्हय की. आत्ताच नेलं माझ्या म्होरनं. हात लावून बगितलं मी.”