चंद्राच्या मागे वत्सला

तिसऱ्या खुर्चीवर बसायला माणूस मिळेना, आणि तेवढ्यासाठी मये गावाची चंद्रस्वारी अडून बसली.

पन्नास वर्षांपूर्वी माणूस चंद्रावर गेला, तसंच्या तसं आपणही जाऊन दाखवायचं, असं गावच्या मंडळाने ठरवलं होतं. कल्पना साईशची. तो घरी बसून कॉम्प्युटरवर नोकरी करी आणि उरलेल्या वेळात जगभरच्या हौशी लोकांबरोबर त्या जुन्या यानाचा हुबेहूब प्रोग्राम फुकटात बनवी. यानाचं प्रत्येक बटण त्यात होतं. देवळाच्या सभागृहात प्लायवूडचं यान उभं राहिलं. चंद्र तर गावात होताच. बंद पडलेल्या खाणीच्या मातीच्या डोंगराला मंडळाने चुना फासला. खरी तारीख जुलैची, पण जुलैत चंद्र वाहून गेला असता, म्हणून माणसाचं पहिलं पाऊल डिसेंबरात ढकललं.

पहिलं पाऊल कुणाचं, यावर मंडळ फुटायची वेळ आली. अध्यक्ष भिकाजी म्हणत माझं, पंच गुरुदास म्हणत माझं. मग दोघांनी एकदमच उतरायचं ठरलं. डावा पाय अध्यक्षांचा, उजवा पंचांचा. चंद्रावरचं पहिलं वाक्य कोकणीत की मराठीत, यावर दोन बैठका मोडल्या. तेही ज्याने त्याने आपापल्या भाषेत बोलायचं ठरलं. उलटी मोजणी इंग्रजीत, हे मात्र एकमताने.

पण यानात माणसं तीन. तिसऱ्याने उतरायचं नाही. दोघे खाली असताना त्याने एकट्याने वर घिरट्या घालायच्या आणि मग त्यांना परत घ्यायचं.

"उतरायचंच नाही तर जायचं कशाला?" ज्याला त्याला विचारलं, त्याने हेच विचारलं.

वत्सला, म्हणजे भिकाजींची बायको, बैठकीतली भांडी न्यायला आली होती. ती दारातच थांबली.

"चंद्राच्या मागे गेल्यावर म्हणे कुणाचा आवाज पोचत नाही. खरं काय रे?"

"एक अक्षरही नाही, काकी," साईश अभिमानाने म्हणाला. "खऱ्या यानाचं व्हायचं तसंच. प्रत्येक फेरीत पाऊणएक तास. प्रोग्रामच हेडफोन बंद करतो. यानाजवळ कुणाला फिरकूही देणार नाही मी."

"मग मी बसते."

भिकाजी हसले. सभेत मराठीचा कैवार घेणारे भिकाजी घरच्या माणसांशी कोकणीतच बोलत. "तुका कितें जमतलें गो?"

"बसून राहायचंय ना," वत्सला म्हणाली. "ते कधी केलं नाही. बघते जमतंय का."

दुसरं कुणी तयार नव्हतंच. साईशने तिला बटणं शिकवली.

ठरल्या दिवशी सारा गाव लोटला. आमदार वेळेवर आले, यावरूनच सोहळ्याचं महत्त्व लोकांना कळलं. यान उडालं, तीन दिवसांचा प्रवास गाळून चंद्राजवळ पोचलं. मग भिकाजी आणि गुरुदास स्कूटरची हेल्मेटं घालून मागच्या दाराने निघाले, ते टेम्पोतून थेट डोंगरावर. आत वत्सला एकटी राहिली. खिडकीच्या पडद्यावर करडा चंद्र सरकत होता. कानात दहा माणसं एकदम बोलत होती. मग खरखर झाली आणि सगळं थांबलं.

आधी ती घाबरली. काहीतरी मोडलं, असं वाटलं. मग तिला स्वतःचा श्वास ऐकू आला. तिने बूट काढले, पाय लांब केले. लग्न होऊन आल्यापासून तिला आतून कडी लावता येईल अशी एकच जागा होती, न्हाणीघर. आणि तिथेही दारावर थाप पडायचीच. टॉवेल कुठे, चावी कुठे, कोण आलंय बघ. इथे थाप पडत नव्हती. पडद्यावर सूर्य बुडाला, अंधार झाला, चांदण्या दिसू लागल्या. आपण काय विचार करतोय, हे तिने पाहिलं. ती काहीच विचार करत नव्हती. तिला हसू आलं, आणि कुणी का हसतेस म्हणून विचारलं नाही.

मग पुन्हा खरखर झाली.

भिकाजींनी महिनाभर पाठ केलेलं वाक्य एव्हाना बोलून झालं होतं. आमदारांनी टाळ्याही वाजवल्या होत्या. आता भिकाजींचा आवाज थेट चंद्रावरून तिच्या कानात शिरला. "अगो, म्हजी प्रेशराची गुळी खंय दवरल्या?"

गोळी कुठे ठेवलीय ते न सांगता वत्सलाने हेडफोनचं एक बटण खाली केलं. चंद्र गप्प झाला.

साईश दुसऱ्या तारेवर आला. "काकी, संपर्क झाला. ऐकू येतंय?"

"नाही रे. मी अजून मागेच आहे."

तिने पुढचं बटण दाबल्याशिवाय प्रोग्राम सरकणार नव्हता. दोघे डोंगरावर उन्हात उभे होते. चालत निघाले असते तर घर दहा मिनिटांवर होतं. पण चंद्रावरून चालत घरी येणं आमदारांसमोर बरं दिसलं नसतं.

"काकी," तो हळूच म्हणाला, "निदान इतिहास तरी मोडू नको. तो खरा माणूस ठरल्या वेळी त्यांना घेऊन परत आला होता."

"येणारच," वत्सला म्हणाली. "त्याला घरी गेल्यावर आयतं ताट मिळणार होतं."