रोजचा अंगठा

लेकीने क्रूझचं तिकीट हातात ठेवलं आणि बजावलं, "बाबा, झोपताना श्वासाचं मशीन लावायचं म्हणजे लावायचं. रिपोर्ट माझ्या मोबाईलवर येतो."

बोटीवर रोज सकाळी व्हॉट्सॲपवर तिचा अंगठा यायचा. नुसता अंगठा, अक्षर एक नाही.

चौथ्या रात्री त्यांनी मुद्दाम मशीन बॅगेतच ठेवलं. आता तरी घाबरून फोन करेल! सकाळी ते मोबाईल मांडीवर घेऊन डेकवर बसले. अंगठा आलाच. मशीन बॅगेतच राहिलं, दुसऱ्या दिवशीही अंगठा आला.

तिसऱ्या दिवशी फोन वाजला.

"काका, तीन रात्री मशीन बंद दिसतंय. तब्येत बरी आहे ना?"

"कोण बोलतंय?"

"मशीनच्या कंपनीतून बोलतेय. आज लावाल ना?"



"नाही लावलं, तर उद्या परत फोन करशील?"