माळ्यावरून पडलो नव्हतो

"शर्ट काढा आणि पाठ इकडे करा."

"फुकट दाखवतोय हां मॅडम. बाहेर मी तिकीट लावतो," टवाळ म्हणाला. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. टवाळ हे कामावरचं नाव, पण आता आईसुद्धा त्याच नावानं हाक मारायची.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. पर्स पोटाशी धरून खुर्चीत बसलेली त्याची आईही हसली नाही.

खोकला काही केल्या जात नव्हता. क्षय नाही, कॅन्सर नाही, एवढं सगळ्यांनी सांगून झालं होतं. आहे काय, ते कोणी सांगत नव्हतं. टवाळला तर आता भीतीही वाटेनाशी झाली होती. दोन जिने चढले की धाप लागते, लागू दे. पाठीवर लाल उंचवटे आलेत, येऊ देत. दात काढताना भूल दिली की गाल आपला वाटत नाही ना, तसा तो अख्खाच स्वतःला आपला वाटत नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी त्या उंचवट्यांवरून बोट फिरवलं. "मला सार्कॉइडोसिस वाटतोय. ह्यात छातीतल्या गाठी सुजतात. आणि कातडीवरच्या जुन्या खुणा, अगदी लहानपणीच्यासुद्धा, पुन्हा फुगून वर येतात. इथं पूर्वी काही लागलं होतं का? लागलं असेल तर इथलाच एवढासा तुकडा काढून तपासू. नसेल तर नळी घालून फुप्फुसातला घ्यावा लागेल."

बाबांच्या पट्ट्याचं बक्कल लागलं होतं.

आई दुपारच्या पाळीला गेली की बाबा आतून कडी लावायचे. तिला कळलं तर ती मोडून पडेल, एवढी अक्कल त्याला त्या वयातही होती. म्हणून ती दारात दिसली की हा कोलांट्या मारायचा, शेजाऱ्यांच्या नकला करायचा. हसवून हसवून त्यानं तिला आपल्या पाठीमागे कधी जाऊच दिलं नाही. एकदा सदऱ्याला रक्त दिसलं, तर म्हणाला, माळ्यावरून पडलो. बाबा वारले तेव्हा त्याला वाटलं, चला, मिटलं. आता ती सुखानं म्हातारी होईल.

"काही लागलंबिगलं नाही," तो म्हणाला. "घाला नळी. मी रोज लिफ्टच्या खड्ड्यात उतरतो, एक दिवस माझ्यात काहीतरी उतरू दे."

"नक्की?"

"आईशपथ! ही काय, समोरच बसलीय."

आई उठली. पर्स खुर्चीवर ठेवून त्याच्या पाठीमागे आली. चष्मा तिनं लावलाच नाही. तिचं गार बोट एका उंचवट्यावर टेकलं, मग दुसऱ्यावर, मग त्याच्या खालच्यावर. कुठं चाचपावं लागलं नाही. शेवटी ते बोट कमरेजवळ, अगदी साफ कातडीवर येऊन थांबलं.

"इथंही एक आहे, डॉक्टर," ती म्हणाली. "तो अजून वर यायचाय."