पिकअप

गोंदियाच्या एका गॅरेजात लॅपटॉप लावून दुर्गेशनं आपल्या छोट्या एसयूव्हीच्या इंजिनाची ताकद वाढवून घेतली, तेव्हापासून पाय ठेवायचा अवकाश, गाडी सुसाट सुटायची. आज मात्र आपल्याच गावात, कामठ्यात, शाळेच्या वळणावर, त्याला करकचून ब्रेक दाबावा लागला. रस्त्यावर कुणीतरी धान वाळत घातलं होतं आणि कडेनं हे एवढाले दगड मांडले होते. जेमतेम एक गाडी सरकेल, तीही बैलगाडीच्या चालीनं, एवढीच वाट उरली होती.

दुर्गेशच्या डोक्यात तिडीक गेली. "रोड का तुमच्या बापाचा हाय?" असं ओरडत तो खाली उतरला आणि पहिला दगड त्यानं लाथेनं उडवला.

पायानं धान वरखाली करणारी बाई वळली. ती त्याची मायच होती, पार्वताबाई.

तो आणखीच भडकला. "घरी एवढं मोठं आंगण हाय, मंग इथं कायले वाळवून राहिली? माह्या गाडीचा पिकअप काय चाटाचा हाय?"

पार्वताबाईनं दगड उचलला आणि होता तिथंच आणून आपटला.

"परवा शाळा सुटली तवा तू इथूनच गेला. मंगलीची पोरगी नालीत उडी मारून वाचली, अन् तुनं मागं वळून बी नाही पाह्यलं. हे धान आंगणात कवाचंच वाळलं. पोत्यातून काढून इथं आणलं म्या. आता रोज शाळा सुटाच्या टायमाले आणीन."