सुकेशनीचं ताट

सुकेशनीने कॅन्टीनच्या यंत्रावर तळहात टेकवला. यंत्राने तिच्या शरीराला काय हवं ते ओळखलं आणि ताट पुढे सरकवलं: नाचणीची भाकरी, घट्ट डाळ-पालक, दोन उकडलेली अंडी, लिंबाची फोड. बुटीबोरीच्या त्या कारखान्यात असं ताट फक्त गरोदर बाईला मिळायचं. आणि ज्या कंत्राटी बाईच्या पुढ्यात ते सुपरवायझरला दिसे, तिचं नाव पुढच्या महिन्याच्या कामाच्या यादीत नसायचं.

म्हणून तीन आठवडे सुकेशनी गुपचूप शेजारी बसणाऱ्या नलूमावशीशी ताट बदलत होती. काल जिना चढताना तिला भोवळ आली. रक्त आठवर आलंय, असं नर्सने सांगितलं.

"दे इकडे. साहेब पाहून राहिले," मावशी कुजबुजली.

"नको मावशी. आज माझं मीच जेवते."

ती सरळ सुपरवायझर ठवऱ्यांच्या समोर जाऊन बसली. त्यांनी ताटाकडे पाहिलं.

"कितवा महिना?"

"चौथा."

"पुढच्या महिन्याचं माहीत आहे ना?"

"माहीत आहे. फक्त कारण लिहून द्या साहेब. हे ताट मिळालं म्हणून काढलं, असं."

"असं कागदावर लिहिता येत नाही."

"मग काढताही येत नाही," सुकेशनी म्हणाली आणि तिने भाकरी मोडली.

ठवरे जेवण अर्धं टाकून उठले. पुढच्या महिन्याच्या यादीत तिचं नाव होतं. त्या दुपारी मात्र तिला ते ठाऊक नव्हतं. तिने दुसरं अंडं सोलायला घेतलं.