भोंगा झोपला

गडगडाटाची पणती, धडाक्याची नात आणि वादळाची लेक त्या दुपारी धरणाच्या जुन्या गेटवाल्याच्या दारात उभी राहिली, ती पाहुणचारासाठी नव्हे. पणजोबा, आजोबा आणि वडील या तिघांनीही ड्रमवर नाव कमावले होते. ही टोपणनावे लोकांनीच त्यांना बहाल केली होती. तिला बँडमध्ये ठिणगी म्हणत. तिने रचलेले 'भोंगा झोपला' हे गाणे गेले चार महिने लग्नघरांपासून व्यायामशाळांपर्यंत सर्वत्र वाजत होते, आणि ते लागले की बसलेली माणसेही उठत.

गाण्याचा विषय मात्र नाचण्याजोगा नव्हता. तेवीस वर्षांपूर्वी धरणाचे दरवाजे भर दुपारी उघडावे लागले आणि खालच्या वस्तीच्या सभागृहात समारंभाला जमलेली एक्केचाळीस माणसे बुडाली. वादळ त्यांतच गेला. पाणी सोडण्याआधी भोंगा वाजवावा, असा नियम होता. तो आपण वाजवला नाही, असे गेटवाल्याने चौकशीत स्वतः सांगितले. त्याची नोकरी गेली, तीन वर्षे तुरुंगात गेली. ठिणगी त्या वेळी आठ महिन्यांची होती.

दोन दिवसांनी मोठ्या मैदानावर बँडचा कार्यक्रम होता. गाणे सुरू होण्यापूर्वी तो कबुलीजबाब गेटवाल्याच्याच आवाजात ऐकवायचा, असे तिने ठरवले होते. वडिलांसाठी तिला एवढे करायचेच होते.

"म्हातारा काठी घेऊन धावला, तर मी तुझ्या पुढे पळेन," गिटारवाला जिन्यातच कुजबुजला.

"तू नेहमीच तालाच्या पुढे पळतोस," ठिणगी म्हणाली आणि तिने कडी वाजवली.

दार गेटवाल्याच्या मुलीने उघडले. तिशीतली बाई, हातात शिवणाची कात्री. ठिणगीला पाहताच तिचा चेहरा दगडासारखा झाला.

"आता घरापर्यंत आलात?"

"येऊ दे तिला," आतून आवाज आला. "आणि ती कात्री ठेव. पोरीला वाटेल, तिच्यासाठीच काढलीस."

खोली एकच होती. शिवणयंत्र, लोखंडी खाट, भिंतीला टेकवलेली खुर्ची. गेटवाला ताठ बसला होता. खिडकीखाली मुले खेळत होती आणि खेळता खेळता तेच गाणे म्हणत होती.

"रोज म्हणतात," तो म्हणाला. "मला पाठ झालंय. चाल चांगली बांधलीस. पाय हलतात."

"तुमचेही?"

"माझे गुडघे गेले, म्हणून वाचलो."

गिटारवाल्याला हसू आले; त्याने ते खोकल्यात दडवले. ठिणगी हसली नाही.

"मी गंमत करायला आलेली नाही. तुमचं बोलणं रेकॉर्ड करायचंय."

"आईला विचारून आलीस?"

"आईचा काय संबंध? ती तर हे गाणं लागलं की उठून आत जाते. तिला सोसत नाही."

"बरोबर आहे," तो म्हणाला. "वादळ फार जोरकस वाजवायचा. मी धरणावर बसून ऐकायचो."

"त्यांचं नाव तुम्ही घेऊ नका."

"बाबा, आता बास झालं!" मुलगी शिवणयंत्रावरून उठली. "तेवीस वर्षं झाली. दुकानदार तोंडावर गाणं लावतात. माझ्या पोराला शाळेत भोंग्या म्हणतात. अजून किती?"

"तू आत जा."

"आत कुठे जाऊ? खोली एकच आहे."

"मग भिंतीकडे तोंड कर," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता; पण ती खरोखरच वळून उभी राहिली.

ठिणगीने फोन त्याच्यापुढे धरला. म्हाताऱ्याने सदऱ्याचे वरचे बटण लावले, जणू साहेबांपुढे उभे राहायचे होते.

"त्या दुपारी भोंगा वाजला नाही. चूक माझी. बुडालेल्यांपैकी कुणाचाही दोष नव्हता." मग त्याने विचारले, "नीट आलं का? नाहीतर पुन्हा म्हणतो."

ती घरी आली तेव्हा आई कपड्यांना इस्त्री करीत होती. ठिणगीने फोन टेबलावर ठेवला आणि तो आवाज लावला.

आईने इस्त्री बंद केली.

"पुन्हा लाव."

ठिणगीने पुन्हा लावला. 'कुणाचाही दोष नव्हता' या शब्दांवर आई खुर्चीत बसली.

"हे मैदानावर लावणार तू?"

"दहा हजार लोकांसमोर. बाबांना न्याय मिळायला नको?"

"गेटवाल्यांची मुलगी सहा वर्षांची असताना जलाशयात पडली होती," आई म्हणाली. "तुझ्या बाबांनी अंगावरच्या कपड्यांनिशी उडी टाकून तिला बाहेर काढलं. चौकशीच्या आदल्या दिवशी मी त्या माणसाच्या दारात गेले, पदर पसरला आणि ते ऋण परत मागितलं. त्यांनी तेव्हाच ते पुरतं फेडलं. आज पुन्हा फेडायची काही गरज नव्हती."

"फेडलं म्हणजे? काय मागितलंस तू?"

"त्या दुपारी सभागृहात तू रडून आकांत करत होतीस. कर्ण्यांवरून येणारा ड्रमचा आवाज सोसेना तुला. म्हणून तुला घेऊन मी टेकडीवर गेले." आईने मुलीकडे पाहिले. "अकरा मिनिटं भोंगा वाजत होता, पोरी. मी ओरडत खाली धावले, पण वाटेतच पाणी आडवं आलं. सभागृहातून एकही माणूस बाहेर आलं नाही. तुझे बाबा वाजवत होते आणि सगळे नाचत होते."